कमी उजेडात गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो: कॅमेरा-लेन्स घेताना या चुका टाळा

मार्च संपत आला की मोबाइलवर एकच प्रश्न यायला लागतो, "दादा, प्रोग्रामचे फोटो काढायचेत, कॅमेरा कोणता घेऊ?" एप्रिलमध्ये भीमजयंती, गावोगाव भीमगीतांचे स्टेज लागतात, त्याच्या आगेमागे यात्रा, उरूस, हरिनाम सप्ते. पोरांनी या कामात यावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडच्या गायकांचे, कव्वालांचे, पखवाजवाल्यांचे धड फोटोच सापडत नाहीत, माणूस गेल्यावर बॅनरला लावायला लग्नातला कापलेला फोटो शोधावा लागतो. पण कॅमेरा सगळे विचारतात, लेन्स एखादाच विचारतो, आणि तुम्ही उभे कुठं राहणार हे तर कोणाच्या डोक्यातच नसतं. खरेदी तिथूनच चुकत जाते.

झूमचा आकडा बघून लेन्स घेणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघितलीय आणि हिचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. दुकानात पोरगं जातं, बॉडीसोबत (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) १८-५५ एमएमची झूम लेन्स मिळते, वर थोडे पैसे टाकले की ७०-३०० मिळते, त्याला वाटतं झालं, आता मागं बसून गायकाच्या डोळ्यापर्यंत पोचता येईल. पोचता येतं हो, पण दिवसा. रात्री त्या लेन्सवर लिहिलेला दुसरा आकडा कामाला येतो, ४.५-५.६ असं जे बारीक अक्षरात असतं ते. म्हणजे पूर्ण झूम केला की लेन्सचं तोंड एफ ५.६ च्या पुढं उघडतच नाही. हा एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो.

परभणीकडच्या एका गावात भीमगीतांचा कार्यक्रम होता, तिथं असाच एक पोरगा भेटला. नवीकोरी बॉडी, हप्ते चालू, गळ्यात ७०-३००. स्टेजवर निळ्या-लाल पार लाइटच्या (स्टेजवरच्या डब्यासारख्या गोल लाइटच्या) दोन रांगा, गायिकेच्या तोंडावर म्हणावा तर एक पिवळा लाइट. हा गडी खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत, ३०० वर झूम, एफ ५.६, आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेणार तो आकडा) ऑटोवर आणि त्याला ६४०० ची मर्यादा घातलेली, कारण कुठंतरी ऐकलं होतं की त्याच्या वर गेलं की फोटो खराब होतो. मग कॅमेऱ्यानं काय करावं, शटर १/४० वर नेला, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग उघडा ठेवला. कोरसवाल्यांचे चेहरे पुसल्यासारखे, ढोलकीवाल्याला तर हातच नाहीत. "व्हीआर चालूच होता की," म्हणू लागला. अरे बाबा, व्हीआर म्हणजे लेन्समधली हादरा सांभाळायची सोय, तो तुझा हात हलला तर सांभाळतो, समोरचा माणूस हलला तर तो काय करणार! आणि क्रॉप सेन्सरवर (म्हणजे फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरपेक्षा लहान सेन्सरवर) ३०० म्हणजे ४५० एमएमचा अँगल, तिथं १/४० ला नुसता श्वास घेतला तरी फ्रेम हलते.

त्याचा माउंट (लेन्स बसवायची खाच) माझ्याच कंपनीचा निघाला म्हणून माझी ५० एमएम एफ १.८ त्याला लावून दिली आणि साउंडवाल्याला सांगून पुढं स्टेजच्या कोपऱ्यात बसवलं. हिशोब असा आहे बघा, एफ ५.६ वरून एफ १.८ ला आलं की जवळजवळ दहापट उजेड आत येतो. म्हणजे आयएसओ तोच ६४०० ठेवला तरी १/४० चा शटर थेट १/४०० होतो. लाइट तेच, स्टेज तेच, बॉडी तीच. ढोलकीच्या शाईवर पडलेली बोटं वेगवेगळी दिसायला लागली, बोटातली अंगठीसुद्धा. नवी ५० एमएम १.८ ची किंमत कंपनी आणि माउंटनुसार बदलते, पण त्याच्या माउंटची तरी त्याच्या ७०-३०० पेक्षा महाग नाही.

त्यामुळं माझं मत पक्कं आहे, पहिली लेन्स ५० एफ १.८ घ्या, क्रॉप बॉडी असेल तर ३५ एफ १.८ चा पण विचार करा, आणि पुढं जाऊन बसा. सप्त्यात, भजनात, उरसातल्या कव्वालीत आपल्याला पुढं बसायला कोणी नाही म्हणत नाही, फक्त चप्पल काढून, वाकून जायचं आणि एकदा बसलं की सारखं उठबस करायची नाही. ८५ एफ १.८ ही दुसरी. ७०-२०० एफ २.८ ही लेन्स उत्तमच, पण ती तेव्हाच जेव्हा आयोजक तुम्हाला पुढं येऊच देणार नाहीत, म्हणजे सोनेरी महालात वेरूळ-अजिंठा महोत्सव असतो तसं मोठं स्टेज, पुढं सोफे, मग बॅरिकेड आणि त्यामागं आपण. वर्षातून दोनदा लागणार असेल तर भाड्यानं आणा. संभाजीनगरला लेन्स भाड्यानं मिळतात, विकत घेऊन कपाटात बुरशी लावायची काय गरज.

एक लक्षात ठेवा, एफ १.८ ला फोकसची जागा फार कमी उरते. फुल फ्रेमवर ८५ एमएमनं दहा फुटांवरून काढलं तर शार्प पट्टा जेमतेम पाच इंचांचा असतो. कॅमेरा हमखास माइकची जाळी पकडतो आणि डोळे मऊ होतात. मी गायक माइक कोणत्या हातात धरतो ते आधी बघतो आणि उलट्या बाजूला बसतो, फोकसचा एकच पॉइंट जवळच्या डोळ्यावर. आय डिटेक्शन (डोळा आपोआप ओळखायची सोय) असेल तर वापरा, पण तोंडापुढं माइक आणि डोळ्यावर फेटा आला की तेही गडबडतं, म्हणून पॉइंट हातानं हलवायची सवय ठेवाच.

मेगापिक्सेल आणि बॉडीचं वेड

यावर जास्त बोलत नाही. जुनी फुल फ्रेम आणि चांगली लेन्स हे नवी महागडी बॉडी आणि तिच्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सपेक्षा रात्री कधीही भारी. २०१२ ची कॅनन ६डी आणि २०१४ ची निकॉन डी७५० या दोन्ही सेकंडहँड मिळतात. ६डीचा मधला फोकस पॉइंट उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप) फोकस पकडतो, म्हणजे चांदण्यासारख्या उजेडात, डी७५० पण तितक्याच अंधारात चालतो. मेगापिक्सेल २० आणि २४, पेपरला, बॅनरला, सगळ्याला पुरतात.

सेकंडहँड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी ठेवून या. आपल्याकडची हवा कोरडी आहे पण पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सचं व्हायचं ते होतंच, आणि समुद्राकडून आलेली लेन्स असेल तर दोनदा बघा.

सायलेंट शटरवर पूर्ण कार्यक्रम काढणं

ही नवीन चूक आहे, मिररलेस (आत आरसा नसलेले कॅमेरे) आल्यापासूनची, आणि हिचं मला जास्त वाईट वाटतं कारण ती करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. शास्त्रीय गाण्याची बैठक आहे, आलाप चाललाय, हॉलमध्ये सगळे शांत, आणि आपल्या कॅमेऱ्याचा खटखट आवाज नको म्हणून तो सायलेंट शटर लावतो. असंच एका ओळखीच्या फोटोग्राफरनं संभाजीनगरच्या एका हॉलमध्ये अख्खी बैठक सायलेंटवर काढली, छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. रात्री लॅपटॉपवर टाकलं तर गायकाच्या चेहऱ्यावरून, तानपुऱ्यावरून, मागच्या पडद्यावरून आडव्या काळ्या पट्ट्या. एक-दोन नाही, जवळपास सगळ्याच फोटोंत. आयोजकाला पेपरला द्यायला सकाळी फोटो हवे होते, ते प्रेक्षकातल्या कोणाच्या तरी मोबाइलवरचे गेले.

कारण सांगतो. आजकाल स्टेजवर सगळे एलईडी. ते आपल्याला सलग दिसतात पण खरं तर फार वेगानं चालू-बंद होत असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे लाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि डिमरवर चालणारे पार, मूव्हिंग हेड (फिरणारे लाइट) यांचा वेग आणखी वेगळाच. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, साध्या बॉडीत या वाचण्याला १/२० ते १/५० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात लाइट अनेकदा चालू-बंद झालेला असतो, म्हणून काही ओळी उजळ, काही काळ्या. तुम्ही शटर १/४०० ठेवा नाहीतर १/१०००, वाचायचा वेळ तोच राहतो, उलट पट्ट्या जास्त ठळक होतात. आणि या पट्ट्या नंतर सॉफ्टवेअरमध्ये नीट निघत नाहीत, चेहऱ्यावरच्या तर नाहीतच.

खरेदीशी याचा संबंध असाय की व्हिडिओसाठी बनवलेल्या काही बॉडीत मेकॅनिकल शटर (खरोखर हलणारा पडदा) नसतोच, सोनीची झेडव्ही-ई१ किंवा झेडव्ही-ई१० टू बघा. व्लॉगिंगला मस्त कॅमेरे, पण स्टेजच्या फोटोंसाठी मी कोणाला सुचवणार नाही. निकॉन झेड९ मध्येही मेकॅनिकल शटर नाही पण तिचा सेन्सर इतक्या वेगानं वाचला जातो की तिथं ही अडचण खूप कमी होते, आणि तिची किंमत आपल्या बजेटची नाही. सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर (लाइटची लुकलुक सांभाळायची सोय) असेल तर चालू ठेवा, साध्या १०० हर्ट्झच्या लाइटला ते मदत करतं, सगळ्या एलईडीला नाही.

माझी सवय अशी, साउंड चेकच्या वेळी जातो, तेव्हा लाइटवाला पण लाइट तपासत असतो, स्टेजवरच्या पांढऱ्या बैठकीचे किंवा पडद्याचे १/१००, १/२०० आणि १/४०० ला फोटो काढून मोठे करून बघतो. पट्टी दिसली तर मेकॅनिकल शटर, तरी दिसली तर १/१०० वर उतरतो आणि गायक स्थिर असतानाच बटण दाबतो. आवाजाचं म्हणाल तर आलापात मी कॅमेरा मांडीवर ठेवून ऐकतो. तबला सुरू झाला की समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) वाट बघतो, समेवर थाप पडते, माना हलतात, "वाह" निघते, त्यात शटरचा आवाज कोणाला ऐकू येत नाही, आणि गायकाच्या चेहऱ्यावर सगळ्यात चांगला भाव पण नेमका तेव्हाच असतो. बर्स्ट लावून धडाधड तीस-तीस फोटो मारणाऱ्या पोरांना हे पटत नाही, त्यांना गाणं ऐकायचंच नसतं. गाणं ऐकल्याशिवाय गाण्याचे फोटो निघत नाहीत.

निळ्या लाइटवर आंधळा विश्वास

भीमजयंतीच्या स्टेजवर निळा रंग असणारच, असायलाच पाहिजे. पण नुसत्या निळ्या एलईडीत चेहरा आला की सेन्सरचा निळा चॅनल फुटतो (म्हणजे निळा रंग इतका भरतो की त्यातला तपशील जातो) आणि लाल-हिरव्यात काहीच नसतं, नाक-डोळे सपाट होऊन जातात. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तुम्हाला ओके दाखवतो, म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, एक्स्पोजर थोडं कमी ठेवा आणि रॉमध्येच (सेन्सरवरची सगळी माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा. जेपीजीत काढून मग प्रीसेट (सॉफ्टवेअरमधली तयार सेटिंग) मारणं हा शॉर्टकट इथं चालत नाही, जे चॅनलमध्ये आलंच नाही ते प्रीसेट कुठून आणणार. त्याहून सोपं म्हणजे लाइटवाल्याला आधी चहा पाजा आणि गायकाच्या तोंडावर एक वॉर्म पार कमी डिमवर कायम ठेवायला सांगा. ऐकतात, नीट बोललं की सगळे ऐकतात.

कीर्तनात उलटं असतं, मागं अंधार आणि महाराज, टाळकरी सगळे पांढऱ्या कपड्यात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर अंधार बघून फोटो उजळ करतो आणि उपरणं, धोतर, कपाळावरचा गंध सगळं पांढरं फटक. तिथं लाइट बदलत नाही म्हणून सरळ मॅन्युअल लावा, एफ २, १/२५०, आणि आयएसओ कपड्यांच्या घड्या दिसतील इतका. पखवाजवाल्यासाठी १/४०० तरी करा. ऑर्केस्ट्रात लाइट सारखा बदलतो, तिथं ऑटो आयएसओ, मर्यादा १२८०० पर्यंत. नॉइजला (फोटोत दिसणाऱ्या दाण्यांना) इतकं भिऊ नका, दाणे डीनॉइज सॉफ्टवेअरनं बऱ्यापैकी जातात, हललेला चेहरा कशानंच जात नाही.

बाकीच्या बारक्या चुका पटापट सांगतो. फ्लॅश नाही म्हणजे नाही, गायकाची तंद्री मोडते आणि स्टेजचा रंग पण जातो. फोकस घेताना कॅमेऱ्यातून जो हिरवा किंवा नारिंगी लाइट पडतो तो बंद करा, बीप पण बंद. दुकानदारानं गळ्यात मारलेला स्वस्त यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा, समोरच्या लाइटचे हिरवे ठिपके फ्रेमभर नाचतात ते बऱ्याचदा त्याच्यामुळंच, त्यापेक्षा हूड लावा. एप्रिल-मेच्या मैदानात धूळ इतकी असते की लेन्स बदलायची असेल तर गाडीत जाऊन बदला, गुलाल उडत असेल तर बदलूच नका. बॅटऱ्या घरून चार्ज करून न्या, जनरेटरवरच्या बोर्डला चार्जर लावायचा नाही.

आणि पुढं बसायचं म्हणजे साउंडच्या टॉपजवळ (मोठ्या स्पीकरजवळ) बसणं आलं, म्हणून कॅमेऱ्याच्या बॅगेत फोमचे इअरप्लग ठेवा. मेडिकलमध्ये मिळतात, कापसाचे बोळे घालून काही उपयोग होत नाही.