दाराच्या काचेचा टवका भरायचाय? आधी एवढं जमवून ठेवा

सोसायटीत माळी ब्रश कटर फिरवत होता, गाडी नेमकी तिथेच लावलेली, आणि एक खडा टण्णकन ड्रायव्हरच्या दाराच्या काचेवर बसला. काच शाबूत, फक्त टिकलीएवढा टवका, मधे पांढरा ठिपका आणि एका बाजूला केसासारखी बारीक रेघ. ही माझी दुसरी वेळ, पहिल्या वेळी घाई करून वाट लावली होती, म्हणून यावेळी रेझिनची (टवक्यात भरायच्या पारदर्शक द्रवाची) बाटली उघडायच्या आधी काय काय केलं ते लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी काच कुठली ते बघा, कारण बहुतेक गाड्यांच्या दाराची काच टफन्ड असते आणि ती दुरुस्त होतच नाही, फुटली की साबुदाण्यासारखी सीटवर सांडते. कोपऱ्यातला शिक्का वाचा, त्यावर बऱ्याचदा लॅमिनेटेड किंवा टेम्पर्ड (म्हणजे टफन्डच) असं सरळ लिहिलेलं असतं. नसेल तर काच अर्धी खाली घ्या आणि वरची कड टॉर्च मारून बघा, दोन काचांच्या मधे एक बारीक रेघ दिसली की लॅमिनेटेड, मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर असतो तो. आणि जिला टवका आहे तीच काच तपासा हां, कारण काही गाड्यांत पुढच्या दोन लॅमिनेटेड आणि मागच्या टफन्ड असतात. जाता जाता एक सांगतो, गाडीत काच फोडायचा हातोडा ठेवत असाल तर टफन्ड काच कुठली ते आत्ताच लक्षात ठेवा, अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये अशी सहा हत्यारं तपासली होती, त्यातल्या एकानेही लॅमिनेटेड काच फुटली नाही.

मग भरण्याजोगा आहे का ते. बाहेरून नख फिरवा, अडकायला हवं, आतून फिरवा, अजिबात अडकता कामा नये. आतल्या काचेलाही तडा असेल, रेघ रबरापर्यंत गेली असेल किंवा टवका कडेच्या अगदी जवळ असेल तर किट परत डब्यात, काच बदलायची. व्हिडिओत विंडशील्डला बारीक ड्रिल मारताना दाखवतात ते इथे नको, दाराच्या काचेचे थर पातळ असतात आणि काही गाड्यांत उष्णता देऊन कडक केलेले असतात, ड्रिल लावलं की तडा पळालाच समजा. किटवरच्या सूचनासुद्धा विंडशील्डसाठी लिहिलेल्या असतात, त्यामुळे हिंमत होत नसेल तर काचवाल्याला आधी फोन करून विचारा की दाराच्या काचेचं काम करतो का, बरेच जण नाहीच म्हणतात. इन्शुरन्सचं म्हणाल तर काचेला डेप्रिसिएशन लागत नाही हे खरं, पण कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममधली आपल्या खिशातली ठरलेली रक्कम, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० जातातच, एवढ्याशा टवक्यासाठी क्लेम कशाला घालायचा.

आता ओलावा, माझं पहिलं काम याच्यामुळेच गेलं. टवका उडाला त्याच मिनिटाला त्यावर पारदर्शक टेप लावा म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, आणि काम होईपर्यंत गाडी धुवायची नाही. मी धुतली होती आणि वर तासाभरात रेझिन भरलं, आतलं पाणी आतच अडकलं आणि एक दुधट डाग कायमचा बसला. पावसाळा असेल तर गाडी दोन दिवस बेसमेंटमध्ये कोरडी ठेवा, अगदीच घाई असेल तर हेअर ड्रायर कोमट करून लांबून फिरवा, काच चटका देईल इतकी तापवू नका. फेविक्विक तर चुकूनही नको, एकदा ते आत गेलं की रेझिनला जागाच उरत नाही. कोलिन थेट टवक्यावर मारू नका, वॅक्स किंवा कोटिंग असेल तर फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आजूबाजूचं पुसून काढा.

जागा सावलीतली हवी, कारण रेझिन यूव्हीने (अतिनील किरणांनी) घट्ट होतं आणि उन्हात ते इंजेक्टरमध्येच, म्हणजे रेझिन आत ढकलणाऱ्या नळीतच, घट्ट व्हायला लागतं. मेमधल्या दुपारी बाहेर उभी असलेली काच नकोच, आणि तापलेल्या काचेवर एसी सोडणं म्हणजे रेघ आपल्या हाताने वाढवणं. सकाळी सातला बेसमेंट बरं.

सामान एका ताटात काढून ठेवा: किट, नवीन ब्लेड, मास्किंग टेप, भिंग, टॉर्च, हातमोजे, यूव्ही दिवा, आणि दारावर टाकायला जुनी चादर, कारण काच उभी असते, रेझिन ओघळलं तर थेट पेंटवर. उभ्या काचेवर सक्शन कपही हळूहळू घसरतात, म्हणून ब्रिज (सक्शन कपांवर उभी राहून इंजेक्टर धरणारी चौकट) बसवला की चारी पाय मास्किंग टेपने बांधून टाका आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा, हललं तर परत लावा. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा, आमच्याकडे भाचा बसला होता, तो आतून ओरडून सांगायचा की मामा काळी रेघ जातेय, जातेय, थोडी राहिली. रेझिनमधून प्रकाश जवळजवळ काचेसारखाच वळतो म्हणून ती रेघ दिसेनाशी होते. यूव्ही दिवा मात्र बाहेरूनच धरायचा, मधला पीव्हीबीचा थर यूव्ही अडवतो, आतून कितीही धरा, काही उपयोग नाही.

काच पूर्ण वर घेऊन ठेवा म्हणजे चॅनेलमध्ये घट्ट बसते, आणि दुसऱ्या एका दाराची काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर कोणी दार आपटलं की आतल्या हवेचा दाब काचेवर येतो. भरून झाल्यावर ब्लेडने घासून अगदी सपाट करायचं, जरासा उंचवटा राहिला तरी काच खाली जाताना बाहेरच्या बीडिंगला घासतो. त्या दिवशी ती काच खाली घ्यायचीच नाही असं मी ठरवलंय, म्हणून पॉवर विंडोच्या बटणावरही मास्किंग टेप, कारण पार्किंगवाला पावती द्यायला आला की हात आपोआप तिथेच जातो.