भात आवरलं, आता शेपू टाका; पण एकदम नको

भाताची मळणी आवरली की बेळगाव-खानापूर पट्ट्यात मसूर-वाटाण्याची घाई सुरू होते. विहिरीजवळचे दोन गुंठे त्यातून वगळा आणि शेपूला ठेवा. आपण शेपू म्हणतो, शेजारच्या कन्नड घरात तीच सब्बसगी, गिऱ्हाईक दोन्हीकडचं.

किराणा दुकानातला बाळंतशेपा बियाणं म्हणून आणू नका. तो किती जुना आहे, दुकानदारालाही ठाऊक नसतं. घरचं बी असलं तरी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दहा दिवसांत चौदा-पंधरा रुजले तर ठीक. दाणा बघा: चपटा, तपकिरी, पाठीवर उभ्या रेषा, कडेला फिकट पापुद्रा. धण्यासारखाच, एका फळाचे दोन भाग. कोथिंबिरीचीच भावकी, पण धण्यासारखं रगडायची गरज नाही. बहुतेक दाणे आपोआप सुटलेले असतात.

वाफसा आल्यावर कुजलेलं शेणखत मिसळून वाफे करा. गुंठ्याला शंभर ग्रॅमच्या आसपास बी, वीतभर अंतराच्या ओळीत, अर्धा-एक सेंटीमीटर खोल. फोकून टाकलं तरी येतं, पण भांगलताना कंबर मोडते. मूळ सरळ खाली जातं, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका. उगवेपर्यंत पाणी हलकं द्या. पाटाच्या लोंढ्यानं सगळं बी वाफ्याच्या एका टोकाला जाऊन बसतं.

मी एका वर्षी सगळे वाफे एकाच दिवशी पेरले. सगळा शेपू एकाच आठवड्यात काढणीला आला आणि बाजारात जुडीला विचारणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून दर दहा दिवसांनी एकच वाफा पेरतो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणी येते. मधला दांडा उंचावायला लागला की भावाची वाट बघू नका. पाला निबर होतो. शिवरात्रीनंतर ऊन वाढतं, तेव्हा तर तो फुलायचीच घाई करतो.

युरिया जास्त ओतला की पाला लुसलुशीत आणि मावा हजर. पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीलाच फवारा. काढणीच्या तोंडावर रासायनिक औषध नको, हा पाला आपणच खातो.

कोपऱ्यातली दहा-बारा झाडं फुलू द्या. पिवळ्या छत्र्यांवर मधमाश्या येतात, मावा खाणारे ढालकिडेही येतात. दाणे तपकिरी व्हायला लागले की सकाळी दंव असतानाच कापा, उन्हात झडतात. घरात बाळंतीण असेल तर त्यातलं मूठभर आधीच जातं. ते धरूनच झाडं राखा.