अल्झायमरच्या लॅबमध्ये बिनपगारी दोन सेमिस्टर

अमेरिकेत एमएस करताना मी दोन सेमिस्टर अल्झायमरच्या ब्रेन इमेजिंग लॅबमध्ये व्हॉलंटिअर होते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर फुकट काम करण्याआधीसुद्धा इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, हे आधीच सांगून टाकते.

प्रोफेसरांना पाठवलेल्या ईमेल हवेत विरल्या. उत्तर दिलं एका पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याने, कारण त्याला मी लिहिलं होतं, "मंगळवारी-गुरुवारी दुपारी चार-चार तास येईन." हुशार मुलं त्यांच्याकडे ढिगानं असतात, ठरल्या वेळी येणारी कमी.

सुरुवातीचे आठवडे ट्रेनिंगमध्ये गेले: माणसांवरच्या संशोधनाचे नियम, गोपनीयता, एमआरआयची सुरक्षा. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतं, त्यामुळे केसातली पिनसुद्धा बाहेर काढून ठेवायची.

मग खरं काम, म्हणजे स्कॅन डोळ्यांनी तपासणं. फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर एका स्कॅनवर कित्येक तास चालतं आणि कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) जाडी, हिप्पोकॅम्पसचं (आठवणींशी संबंधित भागाचं) आकारमान काढून देतं. पण कधीकधी ते मेंदूवरच्या आवरणालाच मेंदू समजतं. मग एकेक काप उघडून तो भाग माउसने खोडत बसायचं. याहून फसवं म्हणजे डोकं हलणं. स्कॅनरमध्ये माणूस हलला की कॉर्टेक्स असते त्यापेक्षा पातळ मोजली जाते. आता सांगा, त्या खडखडाटात जास्त चुळबूळ कोण करणार? आधीच गोंधळलेला पेशंट. म्हणजे अल्झायमरने झालेली झीज मोजतोय म्हणावं आणि मोजावी चुळबूळ! कंटाळवाण्या तपासणीचं मोल मला इथे कळलं.

माझी चूकही सांगते. रेडिओलॉजीच्या पद्धतीत पेशंटची डावी बाजू स्क्रीनवर उजवीकडे दिसते. अकरा स्कॅनच्या नोंदींत मी डावं-उजवं उलट लिहिलं. पोस्टडॉक ओरडला नाही, फक्त "पुन्हा कर" म्हणाला. शनिवार गेला.

पेपरमध्ये नाव मिळालं नाही. ते मिळण्यासाठी काय करावं लागेल, हे पहिल्याच आठवड्यात विचारा, मी लाजले.

लॅब मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. फ्रीसर्फर आणि स्कॅन उघडून त्यातले भाग आखायचं आयटीके-स्नॅप, दोन्ही फुकट आहेत. 2004 मध्ये सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमर-संशोधन प्रकल्पाचे स्कॅन अर्ज मंजूर झाल्यावर मिळतात, पुण्यात बसूनही. फक्त विंडोज असेल तर फ्रीसर्फरसाठी आधी लिनक्स टाकून घ्या. माझा पहिला आठवडा त्यातच गेला होता.