अमर हिरो आणि साधी माणूस हिरोईन : मालिकेत हे प्रेम लिहायचं कसं

आधी एकच गोष्ट पक्की करा, तुमचा अमर माणूस नक्की कशाने मरतो. हे ठरलं नाही की चौथ्या एपिसोडपर्यंत सगळं ढिलं पडतं, कारण त्याला धोकाच नाही मग आपण जीव मुठीत धरून बघायचं कशासाठी?

मग तिचं बघा. ती फक्त मरण्यासाठी आणलेली नको, तिला नोकरी, हट्ट, स्वतःचं मत सगळं पाहिजे. 'हायलँडर' या अमर तलवारबाजांच्या इंग्रजी मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये अमर हिरो डंकनच्या साध्या माणूस प्रेयसीला, टेसाला, कुठल्या तलवारबाज अमराने नाही तर रस्त्यावरच्या एका साध्या लुटारूने गोळी घातली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं, चारशे वर्षं जगलेला डंकन तिथे काहीच करू शकला नाही.

वय दाखवायला भाषणं नकोत प्लीज. "मी शतकानुशतके एकटा आहे" वगैरे ऐकून आता कंटाळा आलाय. त्यापेक्षा ती चष्मा लावायला लागते, आणि तो तिला मेन्यूकार्ड वाचून दाखवतो पण त्याबद्दल काही बोलत नाही, एवढा सीन बास.

शेवटी तिलाही अमर करून टाकायचा मोह होईलच, पण ती चीटिंग आहे, निदान तिला नाही म्हणायचा चान्स तरी द्या. आणि हो, सीझन कमी ठेवा, पात्र अमर असलं तरी नटाचं वय वाढतंच, मेकअप किती झाकणार.