आजारी कुत्र्याला निरोप केव्हा द्यावा

डॉक्टरांनी आशा नसल्याचे सांगितले, तरी दयामरणाचा निर्णय त्याच संध्याकाळी घेऊ नये. भिंतीवरील कॅलेंडरवर रोज रात्री दिवस बरा गेला की वाईट, एवढीच खूण करावी. कारण सोबत राहणाऱ्याला ढासळती प्रकृती सवयीने दिसेनाशी होते. अमेरिकन पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांच्या मोजपट्टीत वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि बरे दिवस यांना प्रत्येकी ० ते १० गुण (१० म्हणजे सर्वांत चांगली स्थिती) देतात व बेरीज ३५ च्या वर असल्यास सांभाळ चालू ठेवता येतो. माझ्या मते मात्र श्वासाला सर्वाधिक वजन द्यावे: शांत झोपेतही मिनिटाला ३० हून अधिक श्वास वारंवार भरत असतील, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. शेपूट हलते म्हणजे दुखत नाही, असे समजू नये.

खानापूरच्या जंगलाकडील गावांतून ऐन पावसाळ्यात बेळगाव गाठणे आजारी जनावराला फार जड जाते. म्हणून डॉक्टर घरी येतील का, हे आधीच विचारावे आणि ते कन्नड बोलणारे असल्यास घरातील चांगले कन्नड येणाऱ्याने बोलावे, कारण अशा वेळी अर्धवट समजलेले वाक्य महागात पडते. शेवटच्या इंजेक्शनाआधी गुंगीचे औषध द्यावे, अशी विनंती करावी. प्राण गेल्यावरही डोळे उघडे राहतात, हे मुलांना आधी सांगावे. देह शेतात पुरल्यास खड्डा खोल घ्यावा. शेवटच्या इंजेक्शनातील भुलीच्या औषधाचा अंश देहात राहतो आणि तो उकरून खाणारी कोल्ही-कुत्री त्याने मरू शकतात.