सातारा जिल्ह्यातली घरोघरी पाहणी : नमुना निवडीची कोणती पद्धत कुठे लावावी

पिण्याच्या पाण्याबद्दल सातारा जिल्ह्यातल्या ग्रामीण कुटुंबांची पाहणी करायची आहे असे धरू. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून अकरा तालुक्यांच्या एकाच सरसकट यादीतून गावे उचलू नका.

आधी स्तर, म्हणजे सारख्या परिस्थितीच्या तालुक्यांचे गट, पाडा : पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण, मध्ये वाई, सातारा, कोरेगाव, कराड, पूर्वेला खंडाळा, फलटण, माण, खटाव. फलटणमध्ये कालव्याखालची आणि कोरडी अशी दोन्ही गावे आहेत. जमल्यास तिथे अख्खा तालुका एका स्तरात न टाकता एकेक गाव पाहून स्तर ठरवा.

मग नमुन्याचा आकार. 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के चुकीची मर्यादा धरली (म्हणजे शंभरातल्या 95 नमुन्यांत उत्तर खऱ्या टक्केवारीच्या 5 टक्क्यांच्या आत यावे) की 384 घरे हा आकडा येतो. बरेच जण इथेच थांबतात, आणि फसतात. एका गावाची नळयोजना बहुधा एकच असते, त्यामुळे शेजारपाजारची उत्तरेही सारखीच येतात. हे साम्य (0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.1 धरले, तर गावागणिक 20 घरे घेतल्यास नमुना 2.9 पट लागतो, 10 घरे घेतल्यास 1.9 पट. म्हणजे 1114 विरुद्ध 730. पाण्याच्या विषयाला गावे जास्त आणि घरे कमी हेच परवडते, जीपच्या डिझेलचा खर्च वाढला तरी. दहा टक्के घरे उत्तर देणार नाहीत असे धरून 730 चे 811 करा : 82 गावे, प्रत्येकी 10 घरे.

गावे लोकसंख्येच्या प्रमाणात निवडा. स्तरातल्या गावांची 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या ओळीने बेरजेत मांडत जा. बेरीज 3,00,000 आणि गावे 30 हवी असतील, तर अंतर 10,000. पहिला आकडा 1 ते 10,000 मधून चिठ्ठीने काढा, पुढे दहा-दहा हजार मिळवत चला; प्रत्येक आकडा बेरजेत ज्या गावावर पडेल ते गाव निवडा. मोठे गाव दोनदा आले तर तिथे 20 घरे घ्या. पश्चिमेकडे लोकवस्ती कमी. तिथे मुद्दाम जास्त गावे घेतली असतील, तर जिल्ह्याची टक्केवारी काढताना भार (प्रत्येक स्तराला त्याच्या लोकसंख्येच्या हिश्शाइतकेच वजन) द्यावाच लागेल.

गावात ग्रामपंचायतीची कर आकारणीची यादी घ्या. 430 घरे असतील तर दर 43 वे घर, सुरुवात पुन्हा चिठ्ठीनेच. यादीत नसलेल्या झोपड्या आणि वाड्या-वस्त्या आधी फिरून जोडून घ्या. पाटण-जावळीत गावठाणातच काम उरकायचा मोह फार होतो. कुलूपबंद घरी वेगळ्या वेळी आणखी दोनदा जा. शेजारचे घर बदली म्हणून घेऊ नका : शेतावर किंवा मुंबईला गेलेली कुटुंबे त्याने नमुन्यातून गळतात.

ऊसतोड मजूर या यादीत सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा स्तर करा : हंगामात साखर कारखान्याच्या गट कार्यालयातून टोळ्यांची यादी मिळवा, टोळ्या चिठ्ठीने निवडा आणि निवडलेल्या टोळीतले सगळे कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या, बहुधा नवरा-बायको) विचारा. यादी मिळाली नाही आणि एका मुकादमाकडून (टोळीच्या म्होरक्याकडून) दुसऱ्याचा पत्ता घेत जावे लागले, तर ती माहिती स्वतंत्र प्रकरणात द्या, चुकीची मर्यादा न छापता.