दोन-तीन कुटुंबांनी मिळून शिडाच्या होडीतून समुद्रफेरी: पुण्याहून बेत कसा आखावा

आम्ही तीन घरं मिळून पहिल्यांदा मुरूडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावर पोचलो ती पौर्णिमेची सकाळ होती. घड्याळात सात वाजले होते आणि पाणी पार खाली गेलं होतं. होड्या खोल दिसत होत्या, धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि कालवं उघडी पडली होती. आईला तिथून उतरवणं शक्यच नव्हतं. पाणी चढेपर्यंत उन्हात बसलो आणि दुपारी वारा वाढल्यावर निघालो, तेव्हा चार मुलांपैकी तिघांना बोट लागली. चूक संपूर्ण आमची होती: आम्ही शनिवार पाहिला होता, तिथी पाहिली नव्हती. त्यानंतरच्या फेऱ्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी महिना, मग तिथी

डिसेंबर ते फेब्रुवारी हा कुटुंबासाठी सगळ्यात चांगला काळ. ऊन सोसवतं आणि समुद्र बहुतेक शांत असतो. पावसाळ्याचा विचारही नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, आणि कोळी बांधव परंपरेने नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच होड्या पाण्यात घालतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे तेही थांबतात, मग आपण थांबायलाच हवं.

महिना ठरला की भिंतीवरचं कालनिर्णय काढा. कोकणातला जुना हिशोब असा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे चक्र पाऊण-एक तासाने पुढे सरकतं. हा अंदाज आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळून घ्या.

आता यातून दिवस कसा निवडायचा? आपल्याला सकाळी आठच्या सुमारास भरलेलं पाणी हवं, म्हणजे आजी-आजोबा आणि मुलं धक्क्यावरून जवळपास सपाट पाऊल टाकून होडीत चढतील. म्हणून दशमी ते द्वादशी यात येणारा शनिवार किंवा रविवार शोधा. याचा आणखी एक फायदा आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगात तो निम्म्याहून कमी. फरक कमी म्हणजे खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढही कमी. दशमी भांगाला जवळ, त्यामुळे होडी सांभाळणं सोपं जातं.

वाऱ्याचं वेळापत्रक

हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो. हे मतलई वारे. सकाळी नऊ-दहापर्यंत तेच होडीला हळुवारपणे बाहेर नेतात. ऊन चढलं की जमीन तापते, वारा क्षणभर पडतो आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून येतो आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सगळ्यात जोर धरतो.

शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही. समोरून वारा असेल तर तिला डावी-उजवीकडे नागमोडी जावं लागतं; अंतर वाढतं, होडी कलते, अंगावर पाणी उडतं. तरण्या माणसांना यात मजा येते, पाच वर्षांच्या मुलाला येत नाही. म्हणून सरळ नियम करा: सकाळी उत्तरेकडे जायचं आणि अकराच्या आसपास परत फिरायचं, म्हणजे वायव्येचा वारा पाठीशी येतो. एक वाजायच्या आत सगळे जमिनीवर.

निघण्याआधी तीन दिवस हवामान खात्याचा अंदाज रोज पाहा. आपल्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसला ते नाव पडलं कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं. त्या चौकातून रोज जाणाऱ्या आपण पुणेकरांनी तरी हा अंदाज गंभीरपणे घ्यावा. लाटांची उंची इन्कॉइस ही हैदराबादची संस्था सांगते. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असेल तर बेत रद्द, त्यावर चर्चा नाही.

जागा आणि होडी

पहिल्या खेपेला राजपुरीच घ्या. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, तिथून इंदापूर (हे रायगड जिल्ह्यातलं, आपल्या सोलापूर रस्त्यावरचं नव्हे), तळा आणि मुरूड अशी वाट आहे. मुलं बरोबर असली की थांबत-थांबत पाच तास धरा. घाटात ज्याला गाडी लागते त्याला होडीही लागण्याची शक्यता मोठी, म्हणून आदल्या दुपारी पोचून मुक्काम करा. पहाटे पुणे सोडून थेट होडीत चढणं हा मुलांचा छळ आहे.

राजपुरीहून जंजिऱ्याला आजही शिडाच्या होड्या जातात. नेहमीची फेरी किल्ल्यापुरतीच असते; पुढे मुरूडच्या दिशेने पद्मदुर्ग हा समुद्रातला किल्ला लांबून बघून यायचं असेल तर आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाशी, समोरासमोर बोला. फोनवर ठरवू नका. होडी डोळ्यांनी बघा: महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी आहे का, किती माणसांची परवानगी आहे, तितकी लाईफ जॅकेटं आहेत का, मुलांच्या मापाची आहेत का, वारा पडला तर इंजिन किंवा वल्ही आहेत का. मासेमारीच्या होडीतून कोणी स्वस्तात नेतो म्हणाला तरी नको.

लाईफ जॅकेटचं माप बघायची सोपी रीत आहे. घालून पट्टे आवळा आणि खांद्यांना धरून जॅकेट वर ओढा. हनुवटी-कानांवर सरकलं तर ते त्या मुलाचं नाही. मला तर घरून स्वतःची मुलांची जॅकेटं नेणंच बरं वाटतं. आठ दिवस आधी ती घालून मुलांना तलावात तरंगू द्या, कारण पाण्यात जॅकेट आपल्याला वर धरतं हे मुलाच्या अंगाला आधी कळलेलं असलं की ते घाबरून हातपाय मारत नाही.

मित्रमंडळींशी आधी बोलून घ्यायच्या गोष्टी

अशा सहलीत खरी ताणाताणी होते ती माणसांमध्ये. एकाला किल्ल्यावर दोन तास हवे असतात, दुसऱ्याला फोटो, तिसऱ्याची मुलगी रडायला लागते. म्हणून पुण्यातच, सगळे एकत्र जेवायला बसाल तेव्हा तीन गोष्टी मोकळेपणाने ठरवा. समुद्रावर तांडेलाचा शब्द शेवटचा. तो परत फिरू म्हणाला की कोणी 'अजून थोडं' म्हणायचं नाही. कोणीही एकजण, लहान असो की मोठा, घाबरला तर होडी परत, आणि त्याला नंतर कोणी चिडवायचं नाही. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस नावानिशी; 'सगळे लक्ष ठेवतील' म्हणजे कोणीच ठेवत नाही. आमच्याकडे हिशोब एका वहिनींकडे असतो आणि त्या परतल्यावर रविवारी रात्री सगळ्यांना आकडा कळवतात, त्यामुळे होडीत पैशांचा विषयच निघत नाही.

होडीत

तास-दोन तास आधी हलकं खाऊन घ्या. रिकाम्या पोटीही बोट लागते. आलेपाक, आवळा सुपारी जवळ असू द्या. गोळी घेणार असाल तर निघायच्या तासभर आधी, आणि मुलांना डॉक्टरांना विचारूनच. मळमळायला लागलं की मान खाली घालून मोबाइल बघू नका, दूर क्षितिजाकडे बघा आणि होडीच्या मधल्या भागात बसा. नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, हेलकावे जास्त असतात.

दशम्या, दाण्याची चटणी, काकडी आणि माणशी दीड लिटर पाणी पुरे. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, जीन्स नको, ओली झाली की जड होते. पायांत मागे पट्टा असलेल्या रबरी चपला. कालवांनी कापलेला तळवा लवकर भरत नाही.

शीड एका बाजूकडून दुसरीकडे घेताना तांडेल ओरडतो. त्या वेळी सगळ्यांनी खाली बसून डोकं वाकवायचं, मुलांना हे धक्क्यावरच दोनदा करायला लावा. जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी लाटेवर वर-खाली होत असते. ती वर आली की खलाशाचा हात धरून एका दमात पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही.

कोणी पाण्यात पडलंच, तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं आणि नजर हलवायची नाही. लाटांत डोकं क्षणात दिसेनासं होतं. दुसऱ्याने तरंगतं काहीही फेकायचं, आणि मागे कोणी उडी मारायची नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा आणि फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत गळ्यात अडकवा.

गेल्या माघात आम्ही द्वादशीला गेलो. नऊच्या सुमारास पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. आई माझा हात न धरता होडीत चढली, डोलकाठीला टेकून बसली आणि शीड फुगलं तेव्हा तिने धाकटीला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. काय ते दोघींनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.